कृष्णा-कोयना पाणीपातळी : एक्सएमएल वाचनाच्या प्रकल्प नोंदी

८ मे

भिलवडी परिसरातील एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेने पावसाळ्यापूर्वी करून मागितलेले काम आज सांगलीच्या विश्रामबागेतील कार्यालयात हाती घेतले. संस्थेच्या सभासदांच्या मोटारी कृष्णेच्या काठावर, पात्राच्या अगदी जवळ बसवलेल्या आहेत आणि नदी चढू लागली की त्या काढून वर आणाव्या लागतात. त्यासाठी ट्रॅक्टर आणि माणसे जमवावी लागतात, वीजजोडणी सोडवावी लागते, आणि पाणी रात्रीतून चढले तर मोटार पाण्याखाली जाते. म्हणून वरच्या धरणांतून किती विसर्ग सुटला आणि नदी कोठे किती पातळीला आहे, हे सचिवांच्या फोनवर आपोआप पोहोचावे अशी मागणी आहे. सचिव अण्णांनी ती त्यांच्या शब्दांत सांगितली : “तुमचा तक्ता राहू दे, मोटारी काढायच्या का नाही तेवढं कळलं पाहिजे.”

माहिती एका वेबसेवेकडून एक्सएमएल स्वरूपात, म्हणजे कोनी कंसांतील टॅगांनी वेढलेल्या आणि एकात एक बसलेल्या घटकांत मिळते. स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहायची आणि शक्यतो भाषेसोबत येणाऱ्या एलिमेंटट्री या मॉड्यूलवरच भागवायचे असे ठरवले आहे. उत्तराचे थेट डिक्शनरीत (नाव-मूल्य जोड्यांच्या कोशात) रूपांतर करणारी तयार लायब्ररी सोयीची वाटते, पण ती या कामाला घेतलेली नाही. अशा लायब्ररीत एखाद्या नदीवर दोन धरणे असली की यादी मिळते आणि एकच असले की यादीऐवजी ते धरणच हाती येते. सक्तीने यादी मागण्याची सोय तिच्यात असते. मात्र ती कोणत्या घटकांना लावायची हे आधीच ठाऊक असावे लागते, आणि अनोळखी सेवेबाबत तेच ठाऊक नसते.

९ मे

पहिले उत्तर मागवले आणि ते फाइलीत जसेच्या तसे साठवले. यापुढची सगळी जुळवाजुळव या फाइलीवरच करायची, म्हणजे प्रत्येक चाचणीसाठी सेवेचे दार ठोठवावे लागणार नाही.

उत्तर सोप पद्धतीचे आहे, म्हणजे माहिती एक्सएमएलच्याच एका लिफाफ्यात घालून येते. बाहेर एन्व्हलप, त्यात बॉडी, त्यात उत्तराचा घटक आणि त्याच्या पोटात एकच लांबलचक मजकूर, अशी रचना दिसली. तो मजकूर म्हणजेच खरी माहिती असून तीही एक्सएमएलच आहे. फक्त तिच्यातील प्रत्येक कोनी कंस सांकेतिक रूपात बदललेला आहे. पार्सरच्या (एक्सएमएल वाचून घटकांचे झाड उभे करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) दृष्टीने त्या घटकाला एकही पोटघटक नाही, त्यामुळे त्यात धरणाचा टॅग कितीही शोधला तरी हाती काही लागत नाही. येथे दोनदा वाचन करावे लागते : पहिल्या वाचनात बाहेरचे कवच काढून मजकूर मिळवायचा आणि दुसऱ्या वाचनात त्या मजकुराचे नवे झाड उभे करायचे. सांकेतिक रूपे बदलून देण्याचे काम पहिल्या वाचनात पार्सर स्वतःच करतो. ते काम हाताने, मजकुरात शोधा-आणि-बदला करून उरकण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण एखाद्या शेऱ्यात खरेखुरे ‘आणि’चे चिन्ह आले की ते झाड मोडते.

दुसरी बाब अक्षरांची. ठिकाणांची नावे उत्तरात देवनागरीतही आहेत. सेवेकडून उत्तर आणणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीकडून ते मजकूर म्हणून मागितले, आणि सेवेने शीर्षमाहितीत प्रकार ‘टेक्स्ट’ सांगून अक्षरसंच सांगितला नाही, तर ती लायब्ररी जुना पाश्चात्त्य अक्षरसंच गृहीत धरते आणि ‘कऱ्हाड’च्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. म्हणून पार्सरला मजकूर न देता मूळ बाइट्स द्यायचे, म्हणजे एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत घोषित केलेला अक्षरसंच तो स्वतः वाचतो. आतल्या वाचनात मात्र हातात आधीच उलगडलेला मजकूर असतो, तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

११ मे

आज फक्त नेमस्पेसचे (टॅगचे नाव कोणत्या संचातले हे सांगणाऱ्या पत्त्याचे) काम झाले. बाहेरच्या कवचाला एक नेमस्पेस आहे, आतल्या माहितीला दुसरी. एलिमेंटट्री टॅगचे नाव महिरपी कंसातील पूर्ण पत्त्यासह ठेवते, त्यामुळे नुसत्या नावाने शोधल्यास रिकामी यादी मिळते आणि कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. पायथन ३.८ पासून पत्त्याच्या जागी तारका लिहून कोणत्याही नेमस्पेसमधील टॅग शोधता येतो. तो मार्ग येथे घेतलेला नाही. दोन्ही पत्ते एका छोट्या कोशात लिहून ठेवले आहेत. सेवेने पत्ता बदलला तर स्क्रिप्ट थांबावी आणि आपल्याला कळावे, हेच बरे.

१४ मे

आतल्या माहितीची रचना आज सावकाश वाचली, आणि प्रकल्पाचा गाभा येथेच आहे असे दिसते.

मूळ घटक खोऱ्याचा आहे. त्यात कृष्णा नदीचा घटक, आणि त्या नदीच्या घटकात पुन्हा नदीचेच घटक : वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, येरळा, वारणा, पंचगंगा. प्रत्येक नदीच्या पोटात तिची धरणे आणि पाणीपातळी मोजण्याची ठिकाणे आहेत. धरणाच्या पोटात साठा, आवक आणि विसर्ग; विसर्गाच्या पोटात पाणी कोणत्या वाटेने बाहेर पडले त्यानुसार वेगवेगळे पोटघटक. नदीत नदी असल्यामुळे खोली आधी ठरवता येत नाही. उद्या सेवेने एखादी उपनदीची उपनदी घातली तर आणखी एक पायरी वाढेल.

एलिमेंटट्रीत शोधण्याच्या दोन रीती आहेत. फाइंडऑलला नुसते नाव दिले तर ते फक्त थेट पोटघटक पाहते; त्यामुळे कृष्णेच्या घटकावर धरण शोधले तर मुख्य प्रवाहावरील धोम आणि अलमट्टी मिळतात, कोयना मिळत नाही. उलट इटर हे फंक्शन त्या घटकाखालील सगळी वंशावळ पायथ्यापर्यंत चाळते, त्यामुळे विसर्गाचे सर्व आकडे एका ओळीत हाती येतात. नेटवर सापडणारी बहुतेक उदाहरणे दुसऱ्या रीतीने जातात आणि पुस्तकांच्या यादीसारख्या नमुन्यावर ती चालूनही जाते. येथे ती चालणार नाही, आणि त्याचे कारण प्रोग्रॅमिंगमध्ये नसून सह्याद्रीत आहे.

कोयना धरणाची एकूण साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातील पाणी दोन दिशांना जाते. वीजनिर्मितीसाठी ते पश्चिमेकडे डोंगरापलीकडे सोडले जाते आणि तेथून वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळते; पूर्वेकडे मात्र सहा वक्र दरवाजांतून आणि पायथ्याच्या वीजगृहातून सोडलेले पाणीच कोयना नदीत येते. पायथ्याचे वीजगृह पूर्ण चालले की तेथून २,१०० क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी पडते, हा आकडा पावसाळ्यात येथील वर्तमानपत्रांच्या वाचकांना पाठ असतो. सेवेच्या उत्तरात पश्चिमेकडचा विसर्ग, दरवाजांचा विसर्ग आणि पायथ्याचा विसर्ग हे तिन्ही एकाच नावाच्या टॅगमध्ये, एकाच पातळीवर आहेत. वाट कोणती, हे फक्त टॅगवरील एका गुणधर्मात लिहिलेले आहे. सगळे आकडे सरसकट गोळा करून बेरीज केली तर चिपळूणकडे जाणारे पाणी भिलवडीत चढताना दिसेल. धोमच्या आणि कण्हेरच्या कालव्यांबाबतही तसेच : कालव्यात सोडलेले पाणी शेतात जाते, नदी चढवत नाही.

तीच गोष्ट नद्यांबाबत. वारणा कृष्णेला हरिपूरला मिळते, पंचगंगा त्याहून खाली नृसिंहवाडीला. वारणेवरील चांदोली धरणाचा विसर्ग मोठा असला तरी ते पाणी भिलवडीवरून वाहत नाही. खाली वारणा फुगलेली असली की वरच्या कृष्णेचा निचरा मंदावतो, हे खरे. परंतु तो परिणाम विसर्गाच्या बेरजेत मिळवण्याजोगा नाही, तो वेगळ्या ओळीत दाखवायला हवा. अलमट्टी तर कर्नाटकात, सगळ्यांच्याही खाली. मुख्य प्रवाहावर असल्यामुळे ते झाडात धोमच्या शेजारी बसलेले आहे एवढेच.

थोडक्यात, या उत्तरातील कोणताही आकडा त्याच्या वरच्या घटकांशिवाय वाचणे म्हणजे पत्त्यात घर क्रमांक लिहून गाव लिहायचे सोडून देण्यासारखे आहे. तक्त्यात उतरवताना प्रत्येक ओळीसोबत खोरे, नदी, धरण आणि वाट असा संपूर्ण माग आला पाहिजे, असा नियम आज ठरवला.

१५ मे

तो माग मिळवायचा कसा, यावर आजचा दिवस गेला. एलिमेंटट्रीतील घटकाला आपला पालक घटक ठाऊक नसतो. एलएक्सएमएल ही दुसरी लायब्ररी वापरली तर पालक विचारता येतो. किंवा सगळे झाड एकदा चाळून प्रत्येक घटकाचा पालक नोंदवणारा कोश करता येतो. दोन्ही मार्ग चालतात, पण दोन्हींत आपण पानापासून मुळाकडे मागे चालत जातो. त्यापेक्षा मुळापासून पानाकडे येताना वाटेतील माहिती सोबत घेऊन येणे मला अधिक सरळ वाटते. म्हणून स्वतःलाच पुन्हा बोलावणारे एक फंक्शन लिहिले. ते नदीचा घटक आणि आतापर्यंतचा माग घेते, मागात त्या नदीचे नाव जोडते, तिची धरणे आणि मोजणीची ठिकाणे हाताळते आणि मग प्रत्येक उपनदीसाठी स्वतःलाच हाक मारते. पायथनची पुनरावर्तनाची मर्यादा साधारणतः १,००० असते. आपल्याकडील कोणतीही नदी तेवढ्या पिढ्यांची नाही.

या रचनेचा आणखी एक लाभ दुपारी ध्यानात आला. सेवेने एककाचा गुणधर्म प्रत्येक आकड्यावर लिहिलेला नाही. खोऱ्याच्या घटकावर ‘क्युसेक’ लिहिले आहे आणि ते खाली सर्वत्र लागू आहे. मात्र एका उपनदीच्या घटकावर ‘क्युमेक’ (सेकंदाला घनमीटर) असे वेगळे एकक लिहून वरचे रद्द केले आहे. एक क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक, तेव्हा चूक झाली तर ती किरकोळ नसेल. माग खाली उतरताना एककही त्यासोबत उतरते आणि जेथे नवे एकक भेटेल तेथे ते बदलते. पालकांचा कोश वापरला असता तर प्रत्येक आकड्यासाठी वर वर जात एकक शोधत बसावे लागले असते.

झाडातील उपनद्यांचा क्रम भौगोलिक नाही. एक्सएमएलमध्ये घटकांचा क्रम टिकतो, पण तो क्रम लिहिणाऱ्याने लावलेला असतो, नदीने नव्हे. त्यामुळे संगमांची यादी आपणच वेगळ्या फाइलीत ठेवली : वेण्णा माहुलीला, तारळी उंब्रजला, कोयना कऱ्हाडला, येरळा ब्रह्मनाळला, वारणा हरिपूरला, पंचगंगा नृसिंहवाडीला. कोणत्या संस्थेसाठी कोठपर्यंतची बेरीज करायची, हे त्या यादीवरून ठरते.

१९ मे

भिलवडीला जाऊन सचिव अण्णांना कच्चा तक्ता दाखवला. त्यांनी विसर्गाच्या रकान्यांकडे फारसे पाहिले नाही, पण पातळीच्या रकान्यावर बोट ठेवले. तेथे सांगलीच्या आयर्विन पुलाची एक नमुना-नोंद ३९.११ आणि तिच्या खालची नंतरची नोंद ३९.२ अशी होती, आणि तक्त्याने पाणी चढल्याचे दाखवले होते. “हे उलटं आहे,” ते म्हणाले, “अकरा इंचावरून दोन इंचावर आलंय, पाणी उतरलंय.”

सेवा पातळी फूट आणि इंचांत देते आणि दोहोंच्या मध्ये टिंब लिहिते. ते टिंब दशांश चिन्ह नाही. एककाच्या गुणधर्मात तसा संकेत आहे, पण मोजणीच्या काही ठिकाणी मीटर असून तेथे मात्र टिंब खरोखरच दशांशाचे आहे. म्हणजे एकाच टॅगमधील एकाच रूपाच्या मजकुराचे दोन अर्थ होतात आणि कोणता अर्थ घ्यायचा हे मागासोबत उतरलेल्या एककावरून ठरते. फूट-इंचांचा मजकूर टिंबावर तोडून दोन पूर्णांक वाचायचे आणि सगळे इंचांत साठवायचे, असे केले. इंचांचा भाग ११ पेक्षा मोठा आला तर ती नोंद संशयित म्हणून वेगळी काढली जाते.

काही पातळ्या देवनागरी अंकांत येतात. पायथनचे अंकवाचन देवनागरी अंकही विनातक्रार स्वीकारते, हे पाहून बरे वाटले. मात्र तोच मजकूर डेटाबेसकडे तसाच गेला तर तो त्याला आकडा मानणार नाही, म्हणून रूपांतर पायथनमध्येच आटोपून पुढे शुद्ध संख्या द्यायची.

आकडा विश्वसनीय आहे की नाही हे तपासणारी वरची मर्यादा किती ठेवावी, यावर चर्चा झाली. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. सहकाऱ्याचे म्हणणे ५० च्या पुढचा आकडा चुकीचा समजून गाळावा. पण २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत येथे पाणी ५० फुटांच्या वर गेले होते आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर ५७ च्याही वर. तशी गाळणी लावली असती तर स्क्रिप्ट नेमकी त्याच दिवसांत मुकी झाली असती. म्हणून वरच्या मर्यादेने काहीही गाळायचे नाही. फक्त मागील नोंदीपेक्षा उडी फार मोठी असेल तर संदेशात तसा शेरा द्यायचा. मोटारींसाठीची पातळी तर इशारा पातळीच्या खूप खाली असते आणि ती प्रत्येक गावात वेगळी, त्यामुळे ती संस्थेनेच ठरवून द्यायची आहे.

२१ मे

घटक नसणे, घटक रिकामा असणे आणि घटकात शून्य असणे या तीन वेगळ्या स्थिती आहेत. मोजणीचे एखादे ठिकाण त्या तासाला बंद असेल तर सेवा कधी पातळीचा घटकच गाळते, कधी रिकामा घटक पाठवते, तर कधी त्यावर ‘निल’चा गुणधर्म लावते. एलिमेंटट्रीतील फाइंडटेक्स्ट घटक नसल्यास ‘नन’ (काहीच नाही) देते आणि रिकामा असल्यास रिकामा मजकूर देते, म्हणजे दोन्ही वेगळे ओळखता येतात. तिसऱ्यासाठी गुणधर्म पाहावा लागतो.

येथे पायथनचा एक सापळा आहे. ज्या घटकाला पोटघटक नाहीत तो घटक सत्यतेच्या तपासणीत ‘असत्य’ ठरतो, मग त्यात मजकूर का असेना. त्यामुळे घटक सापडला का हे नुसत्या ‘इफ’ने विचारले तर पातळीचे सगळे घटक न सापडल्यासारखे वागतात. पायथन ३.१२ पासून अशा वापराबद्दल इशारा दिला जातो. तुलना थेट ‘नन’शीच करायची, असे सर्वत्र पक्के केले. नोंद नसेल तेथे तक्त्यात रिकामी जागा राहील; तेथे शून्य लिहिले जाणार नाही, कारण विसर्ग शून्य आहे असे वाचून कोणी निर्धास्त राहणे परवडणारे नाही.

२४ मे

वेळेच्या नोंदी. पातळीची वेळ तासाची असते, तर कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरच्या पावसाचा आकडा सकाळी संपणाऱ्या चोवीस तासांचा. दोन्ही घटकांवरील तारखेचा गुणधर्म सारखाच दिसतो. पावसाच्या ओळीत सुरुवात आणि शेवट अशा दोन वेळा लिहायच्या, एवढे करून विषय मिटवला.

२९ मे

मागील पावसाळ्यांच्या नोंदींची एकत्रित फाइल मिळाली. ती इतकी मोठी आहे की संपूर्ण झाड स्मृतीत उभे केल्यास कार्यालयातील जुना संगणक रखडतो. त्यासाठी इटरपार्स वापरले, ज्यात पार्सर पुढे सरकत असताना प्रत्येक घटकाच्या आरंभाची आणि समाप्तीची सूचना मिळते.

येथे १५ मेची रचना जशीच्या तशी लागू होत नाही, कारण उतरायला झाड तयारच नसते. त्याऐवजी एक चळत ठेवली : नदीचा किंवा धरणाचा आरंभ झाला की त्याचे नाव आणि एकक चळतीवर ठेवायचे, समाप्ती झाली की काढून घ्यायचे. आरंभाच्या वेळी गुणधर्म उपलब्ध असतात, पण आतला मजकूर आलेला असेलच याची खात्री नसते, म्हणून आकडे समाप्तीच्या सूचनेवरच वाचायचे. नोंद वाचून झाली की घटक रिकामा करायचा, म्हणजे स्मृती मोकळी होते. मात्र कोणता घटक रिकामा करायचा याला महत्त्व आहे. प्रत्येक समाप्तीवर सरसकट रिकामे करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिलेला असतो. तसे केल्यास दरवाजांच्या विसर्गाचा आकडा आधीच पुसला जातो आणि धरणाची समाप्ती येते तेव्हा हाती पोकळ कवच उरते. आपण एका तासाच्या नोंदीचा घटक हे एकक धरले आहे. तो संपल्यावरच रिकामा होतो. रिकाम्या झालेल्या घटकांची कवचे पालकाला चिकटून राहतात, तीही अधूनमधून काढून टाकावी लागतात.

४ जून

सेवेने आज काही काळ त्रुटीचे उत्तर दिले. सोपच्या जुन्या आवृत्तीत त्रुटीचे उत्तर ५०० या स्थितीसह येते आणि त्याच्या पोटात ‘फॉल्ट’ घटकात कारण लिहिलेले असते. स्थिती पाहताच स्क्रिप्ट बंद केली तर ते कारण वाचायचे राहून जाते. आता आधी पोट वाचले जाते, कारण नोंदवहीत जाते आणि थोड्या अंतराने पुन्हा विचारणा होते. उत्तर मिळालेच नाही तर सचिवांना शेवटच्या नोंदीची वेळ कळवली जाते.

सुरक्षेबाबत थोडेसे. एकात एक गुंफलेल्या एंटिटी (मजकुराची संक्षिप्त रूपे) वाढवत नेऊन पार्सरची स्मृती भरून टाकण्याचा प्रकार एक्सएमएलमध्ये जुना आहे. पायथन ज्या एक्सपॅट पार्सरवर चालते त्यात २०२१ मधील २.४.० आवृत्तीपासून याविरुद्ध संरक्षण आहे. कार्यालयातील आवृत्ती त्यापुढची असल्याची खात्री केली.

१२ जून

भिलवडीसाठीची स्क्रिप्ट दर तासाला चालू लागली आहे. संदेशात तीन ओळी असतात : वरच्या धरणांतून नदीत येणारा विसर्ग, भिलवडीची पातळी आणि संस्थेने ठरवलेल्या पातळीपासून ती किती खाली आहे ते. वारणेचा विसर्ग वेगळ्या, चौथ्या ओळीत आणि फक्त तो वाढलेला असतानाच येतो.

विसर्गाची वाट सांगणाऱ्या गुणधर्मात आपल्या यादीत नसलेला शब्द आला तर तो आकडा बेरजेत धरला जात नाही आणि वगळलाही जात नाही; ‘अनोळखी वाट’ म्हणून वेगळा दाखवला जातो. अण्णांचे म्हणणे असे की, अशा वेळी फोन त्यांना न जाता आधी आम्हाला यावा. ते मान्य करून त्याप्रमाणे बदल केला. मूळ उत्तराची प्रत्येक फाइल पावसाळा संपेपर्यंत जशीच्या तशी ठेवायची आहे. संदेशातील कोणत्याही आकड्याबद्दल शंका आली तर झाडातील त्याचा संपूर्ण माग त्या फाइलीतून काढून दाखवता येतो. हरिपूरच्या आणखी एका संस्थेने हीच सोय मागितली आहे. तिच्यासाठी संगमांच्या यादीत मर्यादा वारणेपर्यंत न्यावी लागेल आणि चांदोलीचा विसर्ग बेरजेत येईल. फंक्शनमध्ये बदल करावा लागणार नाही.